चुलीला यज्ञकुंड म्हणण्यापूर्वी

मागील हिवाळ्यात एका व्याख्यानमालेस जाण्याचा योग आला. विषय भारतीय कुटुंबव्यवस्थेचा होता आणि वक्ते व्यासंगी होते. 'चूल आणि मूल' या शब्दांची पुरोगामी मंडळी यथेच्छ टवाळी करतात, परंतु त्यांतील गूढार्थ त्यांना कळलेलाच नाही, असे सांगून वक्त्यांनी तो उलगडून दाखविला. चूल म्हणजे साधी चूल नव्हे, ते यज्ञकुंड होय. गृहिणी ही त्या यज्ञातील ऋत्विज. आणि मूल म्हणजे राष्ट्राचे भवितव्य. तेव्हा 'चूल आणि मूल' हा स्त्रीचा अधिक्षेप नसून तिचा परमोच्च गौरव आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा समारोप झाला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. खरे सांगायचे तर त्या टाळ्यांमध्ये माझ्याही टाळ्या होत्या.

व्याख्यान संपल्यावर चहा होता. सभागृहामागच्या लहानशा खोलीत आयोजकांच्या घरच्या चार भगिनी दोन मोठी पातेली घेऊन उभ्या होत्या. दीडशे माणसांचा चहा झाला होता, कप भरून तबके रांगेने मांडून ठेवली होती. मी सहज विचारले, "व्याख्यान कसे वाटले?" त्यांतील वयाने मोठ्या बाई हसून म्हणाल्या, "आम्हाला कुठले ऐकायला मिळाले! दूध उतू जाईल म्हणून इथेच होतो." स्त्रीच्या परमोच्च गौरवाचे भाषण चालू असताना त्या गौरवाच्या धनी दुधावर लक्ष ठेवून उभ्या होत्या. तेव्हापासून त्या यज्ञकुंडाचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

उपमा दिली आहे, तर ती शेवटपर्यंत न्यावी. यज्ञात ऋत्विजाला दक्षिणा असते आणि यजमानाला फळ असते. आपल्या घरातील या यज्ञात ऋत्विजाला दक्षिणा नाही आणि फळावर तिचे नाव नाही. शिवाय अग्निसेवा इतकी पवित्र, तर त्या वेदीपाशी बसण्यासाठी घरातील पुरुषांची चढाओढ का लागत नाही? श्रौत अग्नी सांभाळण्याचा अधिकार पुरुषांनी कधी आनंदाने सोडल्याचे ऐकिवात नाही. स्वयंपाकघरातला अग्नी मात्र त्यांनी उदारपणे देऊन टाकला. आणि गंमत अशी की, लग्नाच्या मांडवात पंगतीचा स्वयंपाक आचाऱ्याच्या हाती असतो, देवस्थानांच्या मुदपाकखान्यात बहुधा पुरुषच असतात, मोठ्या हॉटेलांतील मुख्य स्वयंपाकीही पुरुष. म्हणजे पुरुषाला रांधता येत नाही, असे मुळीच नाही. जेथे त्या कामाला मजुरी किंवा मान आहे, तेथे झारा पुरुषाच्या हाती येतो. जेथे दोन्ही नाही, तेथे त्या कामाला यज्ञ म्हणायचे, अशी ही व्यवस्था आहे.

येथे कोणी म्हणेल की, स्त्रियांविषयीच्या या म्हणी मिशनऱ्यांनी हिंदू समाजाची निंदा करण्यासाठी वेचून काढल्या. मराठी म्हणींचा एक मोठा इंग्रजी संग्रह आल्फ्रेड मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने १८९९ मध्ये प्रसिद्ध केला, हे खरे आहे. परंतु य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' तर आपल्याच माणसांनी अपार कष्टाने सिद्ध केलेला आहे. तो उघडून पाहावा. मिशनऱ्यांनी म्हणी रचल्या नाहीत. त्यांनी त्या ऐकल्या. उलट, ज्या वचनाला आपण अस्सल भारतीय समजून महिला मेळाव्यांच्या फलकांवर लिहितो, त्या पाळण्याच्या दोरीच्या वचनाचा आशय १८६५ साली अमेरिकेतील कवी विल्यम रॉस वॉलेस याने कवितेत मांडलेला आहे. गौरवाचा माल आयात केलेला निघावा आणि अवहेलनेचा स्वदेशी, हा योगायोग फारसा सुखद नाही.

अर्थात, याच म्हणींची मोळी बांधून 'पाहा, हिंदू समाज मुळातच स्त्रीद्वेष्टा आहे' असा निवाडा देणाऱ्या डाव्या विचारवंतांचाही समाचार घेतलाच पाहिजे. त्यांचे वाचन एवढे अफाट, तरी युरोपच्या म्हणी त्यांच्या वाचनात कशा येत नाहीत, हे कोडे आहे. स्त्री, कुत्रा आणि अक्रोडाचे झाड यांना जितके बडवावे तितके ती सुधारतात, ही म्हण इंग्लंडची. मुले, स्वयंपाकघर आणि चर्च या तीन शब्दांत स्त्रीचे आयुष्य बसविणारा वाक्प्रचार जर्मनांचा. आपल्या चूल-मुलाला त्यांनी वर चर्चही जोडले आहे. कोंबडी हा पक्षी नव्हे आणि बाई ही माणूस नव्हे, असे सांगणारी म्हण तर साक्षात रशियाची, आणि १९१७ च्या क्रांतीनंतरही ती त्या भाषेतून गेली नाही. तेव्हा हा रोग एका धर्माचा नाही. परंतु शेजारच्या घरात खरकटे पडले आहे, म्हणून आपल्या घरातले काढायचे नाही, असे कोणतीही सुगृहिणी म्हणणार नाही. आपण मात्र वादविवादात नेमके तेच म्हणतो आणि विजयी मुद्रेने घरी येतो.

मुळात म्हणीचा अर्थ कोशात शोधून पुरत नाही. ती कोणाच्या तोंडी आहे, हे पाहावे लागते. राजाने छळले, पावसाने झोडपले आणि नवऱ्याने मारले, तर तक्रार कोणाकडे करायची? ही म्हण पुरुषाच्या तोंडी असती, तर तिच्यात तक्रार हा शब्द आलाच नसता. ही बाईची म्हण आहे. जिथून दाद मिळायची तिथूनच घाव येतो, हे तिने एका वाक्यात सांगितले आहे. त्यात तिने नवऱ्याला राजाच्या आणि पावसाच्या ओळीत बसविले, हा सन्मान नव्हे. तो हताश उपहास आहे. 'रांधा, वाढा, उष्टी काढा' हेही तसेच. तिन्ही क्रियापदे आज्ञार्थी आहेत. दिवसभर कानांवर पडणाऱ्या हुकमांची ती नक्कल आहे. विहिरीवर, पाणवठ्यावर एकीने दुसरीला सांगितलेली ती आपल्या जिण्याची गोळाबेरीज आहे. पुढे हीच वाक्ये ओसरीवरच्या पुरुषांनी उचलली आणि गाऱ्हाण्याचा नियम झाला. 'बाईच्या जातीला हे चालायचेच' असे म्हणताना आपण तिचीच तक्रार तिला कायदा म्हणून वाचून दाखवितो.

याला पुरावा हवा असेल, तर जात्यावरच्या ओव्या पाहाव्यात. गी पॉइटविन आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. पहाटेच्या अंधारात, पुरुष निजलेले असताना, दळता दळता बायका एकमेकींशी आणि जात्याशी बोलल्या. तेथे सासुरवास आहे, माहेरची ओढ आहे, लेकीच्या जन्माचे दुःख आणि लेकीवरची माया एकाच श्वासात आहे. विठ्ठल आहे, सीतेचा वनवास आहे. श्रद्धा काठोकाठ भरलेली आहे. परंतु आपले जिणे गौरवाचे आहे, असा सूर त्यात शोधावाच लागेल.

'स्त्रीच स्त्रीची शत्रू असते' हे आणखी एक लाडके वचन. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण त्याच्या समर्थनार्थ लगेच पुढे केली जाते. सासू सुनेला छळत होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या पेढीत मुनीम नोकरांवर डाफरतो, तेथे पेढीच्या मालकाला कोणी अजिबात निर्दोष ठरवीत नाही. सासू ही त्या घरातील मुनीम होती. चाळीस वर्षे उष्टी काढल्यावर मिळालेली तिची ती एकमेव बढती होती. 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' या म्हणीत छळ थांबण्याचे आश्वासन नाहीच. पाळी येण्याचे आहे.

आता थोडे आकडे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये प्रथमच देशव्यापी वेळवापर सर्वेक्षण केले. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसात विनामोबदला घरकाम करतात, पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे करतात त्यांच्यापुरते पाहिले, तर स्त्रीची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषाची ९७. म्हणजे चारांतील जवळजवळ तीन पुरुष या यज्ञमंडपात पाऊलही ठेवीत नाहीत. २०२४ च्या सर्वेक्षणात स्त्रीची मिनिटे २८९ वर आली. पाच वर्षांत दहा मिनिटे! २०१६ पासून उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत गॅस नेला, बाईच्या डोळ्यांतील धूर कमी केला, हे मोठेच काम झाले. चूल बदलली. चुलीपुढचे माणूस बदलले नाही.

आणि शासनाच्या दप्तरी या श्रमाची किंमत काय? २०१० मध्ये एका अपघाती मृत्यूच्या नुकसानभरपाईचा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. गेलेली व्यक्ती गृहिणी होती. त्या निकालात न्यायमूर्ती अ. कु. गांगुली यांनी २००१ च्या जनगणनेतील एक गोष्ट निदर्शनास आणली: स्वयंपाक, धुणीभांडी, मुलांचे संगोपन, पाणी भरणे, सरपण आणणे ही कामे करणाऱ्या सुमारे ३६ कोटी स्त्रिया 'बिनकामाच्या' गटात घातल्या होत्या, आणि त्याच गटात भिकारी, वेश्या आणि कैदी होते. ज्या देशाच्या व्यासपीठांवर गृहिणीला राष्ट्रनिर्माती म्हटले जाते, त्याच देशाच्या खानेसुमारीत तिचा शेजार हा असा होता. जनगणनेवर आपण रागावू शकतो, आणि रागवावेच. परंतु 'तुमच्या मंडळी काय करतात?' या प्रश्नाला 'काही नाही, घरीच असते' असे उत्तर आपण किती वेळा दिले आहे? खानेसुमारीचा कारकून काही परग्रहावरून आला नव्हता.

येथवर वाचून आपल्यापैकी अनेकांना वाटेल की, हे इतरांविषयी चालले आहे. तसे नाही. शिबिरात स्वतःचे ताट स्वतः घासून पालथे घालणारा स्वयंसेवक मी लहानपणापासून पाहिला आहे. मीही राखेने ताटे घासली आहेत आणि त्याचा मला अभिमान आहे. तेथे न्यायाधीशाचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा एकाच नळावर उभे राहतात. तोच स्वयंसेवक घरी आला की जेवून ताटात हात धुतो आणि उठतो. हा काय चमत्कार आहे? शिबिरातील शिस्त घराच्या उंबऱ्याशी का थांबते? आपल्या घरी बैठक असते, पंचवीस कप चहा होतो, प्रवासी कार्यकर्त्याला गरम पोळी वाढली जाते. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कार्याचा डोलारा या स्वयंपाकघरांनी तोलून धरला आहे. बैठकीच्या वृत्तात मात्र त्या पोळीचा उल्लेख नसतो. वयोवृद्ध कार्यकर्त्याच्या सत्कारात 'यांच्या पत्नीने समर्थ साथ दिली' हे एक वाक्य असते, साडी आणि नारळ असतो. मी असे वृत्तांत स्वतः लिहिले आहेत, त्यामुळे त्या वाक्याची जागा मला पाठ आहे. शेवटून दुसरा परिच्छेद.

बांगड्यांचेही तसेच. प्रतिपक्षाला हिणवायचे झाले की, 'आम्ही हातात बांगड्या भरलेल्या नाहीत' असे गर्जून सांगायचे, निषेध करायचा झाला की अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करायचा. या बाबतीत सर्व पक्ष एका माळेचे मणी आहेत आणि आपणही त्याच माळेत आहोत. लक्ष्मीबाई केळकरांनी, म्हणजे आपल्या मावशींनी, १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती स्थापन केली, तेव्हा त्या विधवा होत्या, मुलांची जबाबदारी त्यांच्यावर होती. समितीने तीन आदर्श पुढे ठेवले: जिजाबाईंचे मातृत्व, अहल्याबाईंचे कर्तृत्व, झाशीच्या राणीचे नेतृत्व. तिघींपैकी एक माता आहे. उरलेल्या दोघी राज्य चालविणाऱ्या आणि रणात उतरणारी अशा आहेत. आणि जिजाबाईंचे मातृत्व तरी कसले? १६६६ मध्ये महाराज आग्र्यात अडकले असताना स्वराज्याचा कारभार त्यांच्या देखरेखीखाली होता. अहल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत, जवळजवळ अठ्ठावीस वर्षे, होळकरांचे राज्य चालविले. राजारामांच्या मृत्यूनंतर, १७०० पासून सात वर्षे, औरंगजेबाला दक्षिणेत झुंजविणारी महाराणी ताराबाई होती. त्यांच्या प्रतिमेला सकाळी हार घालून सायंकाळच्या सभेत बांगड्यांचा आहेर करणारा वक्ता नेमका कोणाचा अपमान करीत असतो, हे त्याच्या लक्षात तरी येते का?

सर्वांत अवघड म्हण मी मुद्दाम मागे ठेवली. 'लेक म्हणजे परक्याचे धन.' ही केवळ म्हण नाही. तिला कालिदासाचा आधार आहे. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतलेला सासरी पाठविल्यावर कण्व मुनी हाच विचार बोलून दाखवितात. ठेव ज्याची त्याला परत केल्यासारखे त्यांना हलके वाटते. वनवासी ऋषीचा कंठ दाटतो, तर संसारी बापाचे काय होत असेल, हा त्या अंकाचा जीव आहे. कण्वांच्या तोंडी ते शब्द दुःखाने स्वतःची समजूत घालण्याचे आहेत. तेच शब्द तलाठ्याच्या टेबलापाशी उच्चारले की त्यांचा अर्थ बदलतो.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील उरलीसुरली संदिग्धताही दूर केली. (याच दिशेचे पाऊल असलेल्या हिंदू कोड बिलाला आपल्या विचारविश्वातील अनेकांनी कडाडून विरोध केला होता, हेही विसरू नये. बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, त्या कारणांत ते बिल रखडणे हे एक प्रमुख कारण होते.) कायदा झाला. मग काय झाले? गावोगावी एक कागद लोकप्रिय झाला, त्याचे नाव हक्कसोडपत्र. वडील गेले की तेराव्यानंतर बहिणींना बोलावून घ्यायचे, दुय्यम निबंधकांकडे न्यायचे, सह्या घ्यायच्या, वाटेत जेवण आणि निघताना साडीचोळी. सातबाऱ्यावर भावांची नावे राहतात.

नारीची पूजा होते तेथे देवता रमतात, हा मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील विचार आपण फलकांवर लिहितो. स्त्री स्वातंत्र्यास पात्र नाही, हा नवव्या अध्यायातील विचार आपले विरोधक लिहितात. दोन्ही पक्षांनी तिसऱ्या अध्यायातील पुढचे-मागचे श्लोक वाचलेले दिसत नाहीत. ती पूजा कशी करावी, हे तेथेच सांगितले आहे: पित्याने, भावाने, पतीने सणासमारंभाला अलंकार, वस्त्रे आणि भोजन देऊन. जमीन त्या यादीत नाही. हक्कसोडपत्राच्या दिवशी आपण ती यादी अगदी तंतोतंत पाळतो.

आमचे वडील २००९ मध्ये गेले. आम्ही दोन भाऊ आणि एक बहीण. ताई सर्वांत मोठी. तिने सही केली. त्या दिवशी मी तिच्या शेजारी बाकावर बसलो होतो आणि कायद्यातील दुरुस्तीवर चार वर्षांपूर्वी मीच एक लेख लिहिलेला होता. तो आठवला नाही, असे मी म्हणू शकत नाही. आई म्हणाली, "तिचे तिच्या घरी चांगले आहे." ताईने काही विचारले नाही. परतताना तिला साडी घेतली, तिच्या आवडीच्या रंगाची. अनेक वर्षे मी समजत होतो की, तिने ते प्रेमाने केले.

यंदाच्या भाऊबीजेला मी तो विषय काढला. म्हणालो, "तेव्हा तू काहीच कशी बोलली नाहीस?" ओवाळणीचे तबक बाजूला ठेवून ताई म्हणाली, "अरे, मला कोणी विचारले का? सही कुठे करायची, एवढेच सांगितले." मग थांबून म्हणाली, "माहेर तुटू नये म्हणून बायका सह्या करतात. तुम्हाला वाटते, आम्हाला जमीन नको असते." एवढे बोलून ती पाने मांडायला उठली. मी तिच्यामागे गेलो, तर म्हणाली, "तू बस." बसलो नाही, एवढेच.

वकिलांकडे चौकशी केली आहे. सोडलेला हक्क नुसत्या इच्छेने परत येत नाही. माझ्या वाट्यातील हिस्सा तिच्या नावे करायचा, तर बक्षीसपत्र करावे लागेल. त्याचा मसुदा तयार होत आहे. दादाशी दोनदा बोलणे झाले. त्याने अजून हो म्हटलेले नाही.